सिक्स सिग्मा आणि डबेवाले : एका आकड्याचा माग

मुंबईचे डबेवाले १ कोटी ६० लाख डब्यांमागे फक्त एक चूक करतात आणि त्याबद्दल 'फोर्ब्स' या अमेरिकन नियतकालिकाने त्यांना 'सिक्स सिग्मा' प्रमाणपत्र दिलेले आहे, हे विधान ऐकलेले नाही असा शिक्षक महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. व्यवस्थापनावरची व्याख्याने, शिक्षकांची प्रशिक्षण शिबिरे, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके अशा सर्व ठिकाणी ते भेटते. आम्ही स्वतःही दोन-तीन व्याख्यानांत ते केलेले आहे आणि दर वेळी टाळ्या मिळवल्या आहेत.

अशाच एका व्याख्यानानंतर काही दिवसांनी माध्यमिक शाळेतील एका गणिताच्या बाईंचा आम्हाला दूरध्वनी आला. दहावीच्या मुलांसाठी त्या संभाव्यतेवर सरावाची उदाहरणे तयार करत होत्या. डबेवाल्यांचे उदाहरण त्यांना घ्यायचे होते आणि त्याखाली आधार द्यायचा होता. 'तो आकडा नेमका कोठून घेतला, सर?' एवढाच त्यांचा प्रश्न होता. आम्ही 'दोन दिवसांत कळवतो' असे सांगून मोकळे झालो. प्रत्यक्षात तीन आठवडे लागले, आणि शेवटी जे कळवावे लागले ते असे : हा आकडा कोणी मोजून काढलेला नाही आणि ते प्रमाणपत्र कोणी दिलेले नाही.

आमचे काम प्रयोगशाळेतले. व्यवस्थापनशास्त्राशी आमचा संबंध ऐकीव गोष्टींपुरताच. पण या तीन आठवड्यांत व्यापार आणि व्यवस्थापन या विषयांची माहिती कशी शोधली जाते, कोठे सापडते आणि सापडलेली माहिती कितपत विश्वासाची असते, याचे आमचे बरेच शिक्षण झाले. या माहितीच्या साधनांची ताकद आणि त्यांतील दोष दोन्ही त्यात दिसले. शिक्षकांना रोजच कसली ना कसली माहिती शोधावी लागते, म्हणून ही हकीकत येथे मांडत आहोत.

पहिला प्रयत्न : शोधयंत्र

सुरुवात अर्थातच इंटरनेटवरील शोधयंत्रापासून केली. 'डबेवाला' आणि 'सिक्स सिग्मा' हे शब्द इंग्रजीत टाकताच पानांचा पाऊस पडला. बहुतेक सर्व पाने तेच सांगत होती. काही ठिकाणी ६० लाखांत एक चूक होती, काही ठिकाणी ८० लाखांत एक, तर काही ठिकाणी १ कोटी ६० लाखांत एक. आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, पण 'फोर्ब्स'चे नाव मात्र सगळीकडे होते. आणि 'फोर्ब्स'च्या मूळ लेखापर्यंत नेणारे पान पहिल्या फेरीत एकही मिळाले नाही.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एखाद्या पानाकडे किती इतर पाने बोट दाखवतात, याला शोधयंत्र बरेच महत्त्व देते. म्हणजे जे विधान पुष्कळांनी पुन्हा पुन्हा केले आहे ते वर येते, आणि ज्याने ते पहिल्यांदा केले तो खाली दबून राहतो. शंभर पानांनी एकच गोष्ट सांगितली म्हणजे शंभर पुरावे झाले असे आपल्याला वाटते. पण त्या शंभरांनी एकमेकांचेच उतरवून घेतले असेल, तर पुरावा एकच राहतो, किंवा एकही राहत नाही. वर्गात दहा मुलांच्या वहीत एकच चुकीचे उत्तर दिसले तर आपण 'दहा जणांचे जुळते, म्हणजे बरोबर असेल' असे म्हणत नाही. पहिली वही कोणाची, हे विचारतो. प्रश्न विचारताच सफाईदार उत्तर देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे आजचे कार्यक्रमही याच शंभर पानांवर पोसलेले असतात, त्यामुळे त्यांच्याही बाबतीत ही खबरदारी हवी.

ग्रंथालयातील माहितीसाठे

मग आम्ही आमच्या ओळखीच्या एका व्यवस्थापन संस्थेच्या ग्रंथालयात गेलो. तेथील ग्रंथपालांनी आमची चूक पहिल्या पाच मिनिटांत दाखवून दिली. ते म्हणाले, "तुम्ही उत्तर शोधताहात. आधी कोणत्या प्रकारचा कागद हवा ते ठरवा."

व्यापारविषयक माहितीचे कागद साधारणपणे चार प्रकारचे असतात. पहिला, कायद्याने द्यावी लागणारी माहिती : कंपन्यांचे वार्षिक अहवाल, ताळेबंद, शेअर बाजाराला कळवलेल्या बाबी. आपल्याकडे कंपन्यांची अशी कागदपत्रे केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संगणकीय नोंदणी व्यवस्थेत दाखल होतात. दुसरा, बातम्या आणि व्यापारी नियतकालिके. तिसरा, संशोधनपत्रिकांतील लेख, जे छापण्यापूर्वी त्या विषयातील इतर जाणकारांकडून तपासून घेतले जातात. आणि चौथा, व्यवस्थापन शाळांत शिकवण्यासाठी लिहिलेली प्रकरणे, ज्यांना इंग्रजीत 'केस स्टडी' म्हणतात. प्रत्येक प्रकाराचे वजन वेगळे असते. शोधयंत्र या चौघांना एकाच पंगतीत बसवते. ग्रंथालयातील माहितीसाठे त्यांना वेगवेगळे ठेवतात. त्यांचा खरा उपयोग हा आहे.

व्यवस्थापन विषयातील असे दोन मोठे माहितीसाठे जगभर वापरले जातात. १९७१ साली सुरू झालेला 'एबीआय-इन्फॉर्म' हा आज 'प्रोक्वेस्ट'कडे आहे, तर 'बिझनेस सोर्स' हा 'एब्स्को'चा. त्यांत लेखाचे शीर्षक, लेखक, सारांश, विषय, नियतकालिक आणि तारीख हे सारे वेगवेगळ्या रकान्यांत नोंदलेले असते. त्यामुळे 'हा शब्द फक्त शीर्षकात असलेले, अमुक सालापूर्वीचे, अमुक नियतकालिकातले लेख दाखव' अशी आज्ञा देता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यादी जुन्याकडून नव्याकडे लावता येते. एखाद्या विधानाचा उगम शोधायचा तर ही सोय फार उपयोगी पडते. नदीचा उगम शोधणारा माणूस मुखापाशी गर्दी किती आहे ते पाहत बसत नाही. तो प्रवाहाच्या उलट दिशेने चालू लागतो.

येथेही एक अडथळा होताच. 'डबेवाला' हा आपला शब्द. इंग्रजीत तो एक 'एल' घालून लिहितात, दोन घालून लिहितात, शेवटी 'एच' लावूनही लिहितात. माहितीसाठ्याच्या दृष्टीने हे सगळे वेगळे शब्द. यावर उपाय म्हणून शब्दाचा सुरुवातीचा भाग लिहून पुढे तारांकन टाकायचे, म्हणजे त्या भागापासून सुरू होणारी सर्व रूपे मिळतात. पण तेवढ्यानेही भागले नाही, कारण इंग्रजीत काही जण त्यांना 'टिफिनवाला' म्हणतात! आम्ही ज्या लेखाच्या शोधात होतो त्याचे लेखकही हाच शब्द वापरत आले आहेत. एका शब्दावर अडून बसलो असतो तर मूळ लेख समोर असूनही दिसला नसता. शोध घेताना 'याच वस्तूला दुसरे कोण काय म्हणत असेल?' हा प्रश्न प्रथम विचारावा, हा धडा आम्ही येथे शिकलो.

मूळ आकडा कसा निघाला

तो लेख १९९८ सालचा. शीर्षक 'फास्ट फूड', नियतकालिक 'फोर्ब्स', प्रमुख लेखक सुब्रत चक्रवर्ती. रोज सुमारे १ लाख ७५ हजार डबे घरून कचेरीत आणि कचेरीतून परत घरी बिनबोभाट पोहोचवणाऱ्या या व्यवस्थेने ते प्रभावित झाले होते. डबेवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष रघुनाथ मेदगे यांना त्यांनी विचारले, चुका किती वेळा होतात? उत्तर मिळाले, जवळजवळ कधीच नाही, फार तर दोन महिन्यांतून एकदा.

बस्स, एवढेच. पुढचे काम पत्रकाराने कागद-पेन्सिलीने केले. दोन महिन्यांत कामाचे दिवस ४५ ते ५० धरा. १ लाख ७५ हजाराला ४५ ने गुणले तर ७८ लाख ७५ हजार आणि ५० ने गुणले तर ८७ लाख ५० हजार येतात. म्हणजे साधारण ८० लाख डब्यांमागे एक चूक. डबा परतही येतो, म्हणून फेऱ्या दुप्पट, म्हणजे १ कोटी ६० लाखांत एक. गुणाकार बरोबर आहे. पण ज्या संख्येवर तो उभा आहे ती 'फार तर दोन महिन्यांतून एकदा' ही बोलण्याच्या ओघात आलेली अजमासाची गोष्ट आहे. तिच्यामागे नोंदवही नाही, तक्रारींची मोजणी नाही, पाहणी नाही.

प्रमाणपत्राची कथा याहून मजेदार आहे. चक्रवर्ती यांनी नंतर स्वतःच खुलासा केला की 'फोर्ब्स'ने डबेवाल्यांना असे काही प्रमाणपत्र दिलेले नाही आणि आपल्या लेखात 'सिक्स सिग्मा' हा शब्दसुद्धा आपण वापरलेला नाही. त्यांनी ऐकलेली हकीकत अशी : एका परिषदेत कोणा वार्ताहराने संघटनेच्या अध्यक्षांना 'तुम्ही सिक्स सिग्मा आहात काय?' असे विचारले. त्यांना तो शब्द माहीत नव्हता. अब्जामागे दोनहून कमी चुका असा त्याचा अर्थ सांगितल्यावर, मग आम्ही तसेच आहोत, 'फोर्ब्स'ला विचारा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. वार्ताहराने मूळ लेख न वाचताच 'फोर्ब्स'ने प्रमाणपत्र दिल्याचे लिहिले. त्याचे दुसऱ्याने उचलले, दुसऱ्याचे तिसऱ्याने. पुढे २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स मुंबईत डबेवाल्यांना भेटले आणि कीर्तीबरोबर ही कथाही जगभर गेली.

सिग्माचे गणित

आता हा आकडा खरा आहे असे घटकाभर मानू आणि तो सिक्स सिग्माच्या कसोटीला उतरतो का ते पाहू. शिक्षकांना वर्गात करून दाखवण्याजोगे हे गणित आहे.

सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन. एखाद्या मोजमापाची सरासरी आणि त्याची मान्य मर्यादा यांच्यात दोन्ही बाजूंना सहा प्रमाण विचलनांचे अंतर असेल, तर प्रसामान्य वितरणानुसार मर्यादेबाहेर जाणारे नग अब्जात सुमारे दोन असतात. मोटोरोला कंपनीतील अभियंता बिल स्मिथ यांनी १९८६ च्या सुमारास ही पद्धत पुढे आणली. काळाच्या ओघात सरासरी दीड सिग्माने सरकते असे त्या कंपनीने गृहीत धरले. त्यामुळे उद्योगात प्रचलित झालेला सिक्स सिग्माचा आकडा आहे तो १० लाखांत ३.४ चुका.

१ कोटी ६० लाखांत एक चूक म्हणजे अब्जात ६२.५ चुका. पहिल्या मापाने पाहिले तर डबेवाले नापास होतात, कारण अब्जात दोनच्या जागी त्यांच्या ६२ चुका, म्हणजे सुमारे ३१ पट जास्त. दुसऱ्या मापाने पाहिले तर १० लाखांत ०.०६२५ चूक, म्हणजे ३.४ च्या सुमारे ५४ पट सरस. एकच आकडा एका मापाने नापास आणि दुसऱ्या मापाने गुणवत्ता यादीत! ज्या असंख्य लेखांत हा दावा आला आहे त्यांपैकी आम्ही पाहिलेल्यांत कोणते माप लावले हे क्वचितच सांगितलेले होते. शिवाय सिक्स सिग्मा ही मुळात काम सुधारण्याची एक पद्धत आहे. तिच्यात 'चूक' कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे लागते. डबा अर्धा तास उशिरा पोहोचला तर ती चूक काय? दोन डब्यांची अदलाबदल झाली तर चूक एक की दोन? एक डबा वाटेत अनेक हातांतून जातो, त्यातला प्रत्येक हातबदल ही चुकीची संधी धरायची काय? या प्रश्नांची उत्तरे बदलली की आकडा बदलतो.

आणखी एक छोटे गणित. चूक एकही सापडली नाही तरी 'चुकीचे प्रमाण इतक्याहून कमी आहे' असे ९५ टक्के खात्रीने म्हणण्यासाठी किती फेऱ्या तपासाव्या लागतील? संख्याशास्त्रात यासाठी 'तीनचा नियम' आहे : तीनला त्या प्रमाणाने भागा. (एका फेरीत चूक होण्याची संभाव्यता 'प' असेल, तर 'न' फेऱ्यांत एकही चूक न होण्याची संभाव्यता म्हणजे (१ – प) चा 'न' वा घात. तो ०.०५ होण्यासाठी 'न' आणि 'प' यांचा गुणाकार जवळजवळ ३ यावा लागतो.) १० लाखांत ३.४ हे प्रमाण सिद्ध करायला सुमारे ८ लाख ८२ हजार फेऱ्या बिनचूक जायला हव्यात. १ कोटी ६० लाखांत एक हे सिद्ध करायला ४ कोटी ८० लाख फेऱ्या. रोज २ लाख ६० हजार फेऱ्या धरल्या तर पहिल्यासाठी चार दिवस आणि दुसऱ्यासाठी १८५ दिवस, तेही एकूण एक डब्यावर नजर ठेवून! पहिली पाहणी करणे तितकेसे अवघड नव्हते. पण तयार आकडा फुकट मिळत असताना मोजण्याचे कष्ट कोण घेणार?

माहितीसाठ्यांचे दोष

येथवर वाचून कोणाला वाटेल की शोधयंत्र वाईट आणि ग्रंथालयातील माहितीसाठा चांगला. तसे सरळ विभाजन आम्हाला करता येत नाही.

या माहितीसाठ्यांत 'फक्त तज्ज्ञांनी तपासलेले लेख दाखवा' अशी एक खूण असते. ती लावली की मन निश्चिंत होते. आम्हीही ती लावली, आणि संशोधनपत्रिकांतील लेखांतही तोच दावा पुन्हा भेटला. कोठे तो वर्तमानपत्राच्या आधारे दिलेला होता, तर कोठे आधाराशिवायच. तज्ज्ञ लेखाचा मुख्य युक्तिवाद तपासतो, प्रस्तावनेतील सर्वश्रुत वाक्य तपासत नाही. आणि कंड्या पिकतात त्या नेमक्या अशा सर्वश्रुत वाक्यांतच. खूण आहे म्हणून वाक्य खरे, असे मानणे म्हणजे आयएसआयची खूण हेल्मेटवर आहे म्हणून चालकही चांगला, असे म्हणण्यासारखे आहे.

दुसरा दोष 'हार्वर्डने अभ्यास केला' या वाक्यातला. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी डबेवाल्यांवर २०१० मध्ये एक प्रकरण लिहिले हे खरे आहे. पण हार्वर्डच्या अशा प्रकरणांवर स्पष्ट सूचना छापलेली असते की ती केवळ वर्गातील चर्चेसाठी आहेत, कोणाची शिफारस किंवा प्राथमिक माहितीचा स्रोत म्हणून नाहीत. ती सूचना वाचणारे थोडे आणि 'हार्वर्ड' हा शब्द वाचणारे फार. थॉम्के यांचाच 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मधील नोव्हेंबर २०१२ चा लेख आम्ही वाचला. त्यात रोजचे डबे १ लाख ३० हजार दिले आहेत. 'फोर्ब्स'मध्ये १ लाख ७५ हजार होते आणि व्याख्यानांत आपण सरसकट २ लाख सांगतो. चुकीचे प्रमाण राहू द्या, एकूण डबे किती यावरही एकमत नाही. डबे १ लाख ३० हजार धरून दोन महिन्यांतून एक चूक मोजली तर ते ८० लाख ६० लाखांवर येतात.

तिसरा दोष विषयांच्या कुंपणाचा. डबेवाल्यांबरोबर प्रत्यक्ष राहून, त्यांच्याशी बोलून लिहिलेले एक पुस्तक आम्हाला व्यवस्थापनाच्या माहितीसाठ्यात मिळालेच नाही. ते मिळाले मानववंशशास्त्राच्या कप्प्यात. सारा रोंकाल्या या इटालियन अभ्यासिकेचे 'फीडिंग द सिटी' हे पुस्तक २०१३ मध्ये केंब्रिजच्या 'ओपन बुक पब्लिशर्स'ने काढले आणि ते इंटरनेटवर कोणालाही पूर्णपणे विनामूल्य वाचता येते. महागड्या वर्गणीच्या भिंतीआड शोधून दमलेल्या आम्हाला सर्वांत उपयोगी वाचन फुकट मिळाले!

चौथा दोष आम्हाला सर्वांत जास्त खटकला. डबेवाले बहुतांशी मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागांतले. त्यांची भाषा मराठी. त्यांच्या संघटनेचे व्यवहार मराठीत. त्यांच्याविषयी मराठी वर्तमानपत्रांत आणि नियतकालिकांत दशकानुदशके छापून आलेले आहे. पण व्यवस्थापनाच्या त्या जगद्विख्यात माहितीसाठ्यांत देवनागरीत 'डबेवाले' लिहून शोधले तेव्हा आमच्या हाती काही लागले नाही. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्या भाषेतला कागद पुराव्यात धरायचा नाही, आणि परदेशी नियतकालिकातले एक वाक्य मात्र पुरावा म्हणून कायमचे चिकटायचे, ही व्यवस्था ज्ञानाची म्हणता येईल काय?

यात बिघडले काय?

आमच्या एका स्नेह्यांना हे सारे सांगितले तेव्हा ते वैतागले. म्हणाले, "आपल्या माणसांचे जगात नाव झाले, त्यात तुमचे काय बिघडले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायला हवे.

डबेवाल्यांचे काम थोर आहे, याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था शतकाहून अधिक काळ चालत आली. डब्याच्या झाकणावर रंग, अंक आणि अक्षरे यांची छोटीशी खूण असते. तेवढ्यावरून डबा कोणत्या भागात, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर जायचा आणि परत कोणत्या स्थानकावर यायचा हे कळते. पत्ता लिहिलेला नसतो. थॉम्के यांनी नोंदवल्याप्रमाणे मोठ्या स्थानकावर डबे चढवायला ४० सेकंद आणि मधल्या स्थानकांवर २० सेकंद मिळतात. सुमारे २५ जणांची एकेक तुकडी आपला कारभार स्वतः पाहते आणि कोणी आजारी पडला तर काम अडू नये म्हणून तुकडीत दोन-तीन माणसे जादा ठेवते. चुका का होत नाहीत, याचे उत्तर या रचनेत आहे. ही रचना समजून घेण्यात विज्ञान आहे, आणि वर्गात शिकवण्याजोगे पुष्कळ आहे.

पण व्याख्यानात आपण काय करतो? रचना सांगत नाही. आकडा सांगतो, परदेशी प्रमाणपत्र सांगतो आणि टाळ्या घेतो. जणू साध्या माणसांचे शहाणपण 'फोर्ब्स'च्या शिक्क्याशिवाय शहाणपण ठरतच नाही. आणि ज्या दिवशी तो शिक्का खोटा निघतो, त्या दिवशी ऐकणाऱ्याला वाटते की सारेच खोटे होते. डबेवाल्यांनी हे प्रमाणपत्र मागितले नव्हते. ते आपण त्यांच्या गळ्यात घातले, आणि ते खोटे असल्याची नामुष्कीही त्यांच्याच वाट्याला येणार. २०१३ च्या 'द लंचबॉक्स' या चित्रपटाची कथा एक डबा भलतीकडे गेल्यावर उभी राहते. तेव्हा 'असे होऊच शकत नाही' म्हणून पुष्कळांनी भुवया उंचावल्या होत्या. माणसांच्या कामात कधी चूक होऊच शकत नाही, असे मानण्यात त्या माणसांचा सन्मान आहे, असे आम्हाला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लोकलगाड्या सामान्यांसाठी बंद झाल्या आणि डबे थांबले. पुष्कळ डबेवाले गावी परतले. त्यांतले अनेक पुन्हा या धंद्यात आले नाहीत. पण आजही व्याख्यानांत 'पाच हजार डबेवाले, दोन लाख डबे' हे वाक्य वर्तमानकाळात चालू आहे. आकडा गोठला की त्याच्यामागच्या माणसांचे काय झाले हे विचारण्याची गरजच भासत नाही. यात बिघडले ते हे.

शिक्षकांनी काय करावे?

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजना सुरू झाली आहे. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार संशोधनपत्रिका आणि शासनाच्या ६,३०० हून अधिक उच्च शिक्षण व संशोधन संस्था अशी तिची व्याप्ती आहे. स्वागतार्ह योजना आहे. पण तिच्यात शाळा नाहीत. दहावीच्या उदाहरणाखाली प्रामाणिकपणे आधार देऊ पाहणाऱ्या आमच्या त्या बाईंना ती दारे आजही बंदच आहेत. ज्या देशात संशोधन वाचण्याचा हक्क महाविद्यालयाच्या फाटकापाशी सुरू होतो, तेथे शाळेत संशोधक वृत्ती रुजवा असे शिक्षकांना सांगणे थोडे विसंगत आहे, असे म्हणावे लागेल. जवळच्या शासकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची मुभा शाळांच्या शिक्षकांना मिळावी, एवढी मागणी तरी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर हातात जे आहे ते वापरता येईल. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय शाळांनाही खुले आहे. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' या केंद्राच्या 'शोधगंगा' या साठ्यात भारतीय विद्यापीठांतील पीएचडीचे प्रबंध पूर्ण वाचता येतात. 'गूगल स्कॉलर' या शोधयंत्रात लेखाखाली 'याचा उल्लेख कोणी केला' ही यादी मिळते. ती यादी म्हणजे उगमाकडून मुखाकडे येण्याचा रस्ता. आणि गावच्या सार्वजनिक वाचनालयातील जुन्या अंकांचे गठ्ठे अजून कोणत्याही माहितीसाठ्यात नाहीत, हे विसरू नये.

कोणताही चमकदार आकडा समोर आला की पाच प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावता येईल. हे पहिल्यांदा कोणी म्हटले? त्याने ते मोजले, ऐकले की हिशेबाने काढले? 'चूक', 'यश' किंवा 'ग्राहक' या शब्दाची व्याख्या काय धरली? एकूण किती पाहिले? आणि तो आकडा कोणत्या सालचा? हे प्रश्न विचारायला इंटरनेट लागत नाही, ग्रंथालयही लागत नाही. उत्तरे शोधताना मात्र दोन्ही लागतात.

आमच्या बाईंनी शेवटी ते उदाहरण गाळले नाही. सारी हकीकत ऐकून त्यांनी प्रश्न बदलला : 'एका संघटनेचे अध्यक्ष म्हणतात की दोन महिन्यांतून फार तर एक चूक होते. रोज १,७५,००० डबे जातात. यावरून चुकीचे प्रमाण काढा. हे प्रमाण खरे आहे काय, हे तपासण्यासाठी तुम्ही काय मोजाल?' पहिल्या भागाला एक गुण आणि दुसऱ्याला तीन. गुणांची ही वाटणी आम्हाला फार योग्य वाटली. यापुढे आमच्या व्याख्यानातही आम्ही तीच पाळणार आहोत.